अठ्ठ्याण्णव किलो सहाशे

गेलेल्या माणसाच्या नावानं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्याची घागर भरणारे लोक वऱ्हाडात घरोघर सापडतील, पण स्वतः धडधाकट जिवंत असताना आपल्याच अंगावरून उतरलेल्या त्रेचाळीस किलो चारशे ग्रॅम वजनाच्या नावानं घागर भरणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो आमचा साडभाऊ. साडभाऊ म्हणजे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हे नातं मोठं मजेशीर असतं. दोन बहिणींनी दोन गावांत संसार मांडले म्हणून दोन परके पुरुष जन्मभर एकमेकांच्या घरी पाहुणे होतात. रक्त एक नाही, शाळा एक नाही, शेताचा धुरा-बांध एक नाही, म्हणून भांडायलाही काही नाही. साडभाऊ म्हणायचा, "सख्ख्या भावापाशी मन मोकळं कराले भेव वाटते, थो मनात ठेवते. साडभाऊ काय ठेवीन? त्याच्या मनात आपली जागाच नसते!" आणि मांडीवर थाप मारून हसायचा. मी हसायचो नाही. मी अमरावतीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी केलेला माणूस. कमी बोलतो, आणि जे खरं बोलायला हवं ते तर फारच कमी. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणजे माझ्याबद्दलही थोडं लिहावं लागणार. ते टाळत टाळतच इतकी वर्षं गेली.

साडभाऊ अकोल्याला एका जिनिंगच्या धर्मकाट्यावर होता. धर्मकाटा म्हणजे ज्याच्यावर अख्खी गाडीच चढवून मोजतात तो जमिनीतला काटा. कापसाची गाडी आली की आधी भरलेली मोजायची, मग कापूस खाली करून रिकामी मोजायची, मधला फरक तो माल. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्याला जगात सगळीकडे भरलेल्या आणि रिकाम्या गाड्याच दिसत. बारशाला बाळ हातात घेतलं की लोक नाक कोणासारखं ते बघतात, हा तळहातावर दोनदा झुलवून म्हणायचा, "तीन किलो दोनशे, लंगोट वगळून." माझ्या लग्नात मला वर उचलून बोहल्यावर ठेवताना त्यानं वरातीसमोर जाहीर केलं होतं, "नवरदेव बासष्ट, हारासकट!" घरी रात्री त्याच्या बायकोनं पुसलं म्हणे, की माझ्या बहिणीला कसा मिळाला नवरा, तर म्हणाला, "चांगला हाये. भरतीत आन् खालीत फरक नाही त्याच्या." मला हे फार पुढे कळलं. इतकं चांगलं माझ्याबद्दल कोणी बोललेलं नाही, आणि ते खोटं ठरवायचं काम मीच केलं.

काट्याचे त्याचे नियम पक्के होते. गाडी काट्यावर चढली की आतल्या माणसानं खाली उतरायचं. आणि दुसरा नियम, तो त्यानं स्वतःच काढलेला: ज्याचं वजन त्यानं काटा वाचू नये. "आपल्या मालाकडं पायताना डोया लाचावते," तो म्हणायचा. "दुसऱ्यानं वाचाव, मोठ्यानं बोलाव. बोललं म्हंजे झालं." एकदा एका आमदाराच्या माणसानं खिडकीतून डोकं घालून आकडा बघितला, तर यानं सगळी गाडी खाली उतरवून पुन्हा चढवायला लावली होती.

तेव्हा साडभाऊ एकशे बेचाळीस किलोचा होता. दर्यापूरच्या जीपमध्ये त्याच्यासाठी दोन जागा धरलेल्या असत, ड्रायव्हर लांबूनच ओरडायचा, "सरका बावा, काटा येऊन राह्यला!" पांढऱ्या वांग्यांचं भरीत आणि तुपात बुडवलेले रोडगे समोर आले की तो आधी हात जोडायचा, मग बाह्या सारायच्या, आणि मग वाढणाऱ्यानं तिथून हलायचं नाही. हसला की ताटातल्या वाट्या वाजायच्या. त्याच्या हसण्यानं आमच्या घरातली मांजर एकदा कपाटावर जाऊन बसली ती दुसऱ्या दिवशी उतरली. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवात त्याच्याखाली प्लॅस्टिकची खुर्ची मोडली. पहिली पंगत उठत होती, पाहुणे उभे होते, आणि सगळा मांडव हसला. साडभाऊ जमिनीवरूनच म्हणाला, "खुर्ची ओव्हरलोड झाली, पावती फाडा!" त्यावर लोक अजून हसले. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "साडभाऊ, नागपूरले जाऊ. पोट कापून घ्याचं हाये." एकाएकी काहून, हे मी विचारलं नाही.

तर नागपुरात दुर्बिणीनं त्याच्या पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवली. रोडग्यांचा ढीग संपवणारा माणूस वाटीभर वरणाच्या पाण्यावर आला. आणि वजन असं उतरू लागलं, की ते बघायला लोक काट्यावर येत. एकशे तीस, एकशे वीस, एकशे दहा. पण धर्मकाटा दहा-दहा किलोच्या टप्प्यानंच बोलतो. तो ट्रकांसाठी असतो. ग्रॅम बोलणारा काटा माझ्याकडे होता, काचेचा, बॅटरीचा, मुलीनं पाठवलेला. म्हणून साडभाऊ दर रविवारी अकोल्याहून अमरावतीला येऊ लागला, आणि तेही मूर्तिजापूरच्या चांगल्या रस्त्यानं नाही, दर्यापूरच्या खड्ड्यांतून, जीपनं. "धक्के बसले की गाडीतला माल खाली बसते, थोडाफार सांडतेही," असं त्याचं शास्त्र. आमच्या बैठकीत तो काट्यावर भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बोला." मी वाकून आकडा वाचायचो, मोठ्यानं बोलायचो. मी म्हटलं, "अकोल्यातच काटा घेऊन घ्या, ताई वाचतील." तर म्हणाला, "बायको वजनात खोटं बोलते. लेकरं बी बोलतात. जीव लावणारा माणूस काट्यावर चालत नाही. तुमी बोलत नाही खोटं. तुमी तं खरंही बोलत नाही सहसा!"

दिवाळीतल्या रविवारी मी बोललो, "अठ्ठ्याण्णव किलो सहाशे." घरात पेढा वाटला, शंभराच्या आत आला म्हणून. पुढच्या रविवारी अठ्ठ्याण्णव किलो सहाशे. त्याच्या पुढच्या रविवारी अठ्ठ्याण्णव किलो सहाशे. नागपूरच्या डॉक्टरनं फोनवर सांगितलं, असं होतंच, वजन उतरता उतरता मधेच थांबतं, शरीर दम खातं. प्रथिनं घ्या, चाला, थोडं ओझं उचला, झोपा, आणि मुख्य म्हणजे दर आठवड्याला काट्यावर चढू नका. साडभाऊनं हे सगळं शांतपणे ऐकलं आणि पुढच्या रविवारी तो आला. अठ्ठ्याण्णव सहाशे. मला काट्याचाच संशय आला. सिलिंडरवर त्याचं रिकामं वजन कोरलेलं असतं, तर मी रिकामा सिलिंडर ठेवून पाहिला, बरोबर. बायको उभी राहिली, तिचं वजन मागच्यापेक्षा तीनशे ग्रॅम वर. ती रागावून उतरली, म्हणजे तेही बरोबरच असणार. पोत्यातला गहूसुद्धा हवेतल्या ओलीनं शंभर ग्रॅम इकडेतिकडे होतो. हा माणूस उपाशी आला तरी अठ्ठ्याण्णव सहाशे, जेवून चढला तरी अठ्ठ्याण्णव सहाशे. पुढे पुढे मला आकडा वाचताना वाटायचं, आपण त्याला बघत नाही, तोच वाकून आपल्याला बघतोय.

संक्रांतीच्या सुमारास साडभाऊनं त्याचा हिशेब मांडला. काट्यावरून उतरला, खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसला आणि हळूच म्हणाला, "साडभाऊ, त्रेचाळीस किलो चारशे गेलं. कुठी गेलं?"

मी म्हटलं, "गेलं म्हणजे जळलं. चरबी जळते."

"मले नोका शिकवू. तीस वर्षं काटा केला. गाडी खाली होते तवा माल यार्डात पडलेला असते. वजन जात नाही, उतरते. त्रेचाळीस किलो म्हंजे नववीतला पोरगा होते. थो कुठी तरी बसला असंन का नाही?"

"आणि राहिलेलं काहून अडलं?"

"थो दारात उभा हाये," साडभाऊ म्हणाला. "अर्धा भायेर, अर्धा अंदर. त्याले कोणी या म्हनत नाही, जा बी म्हनत नाही. मंग कसा हालंन?"

मी हसण्यावारी नेलं. पण नंतर माझ्या ध्यानात येऊ लागलं, की तो कुठंही अर्ध्याच जागेवर बसतो. आमच्या दिवाणावर कडेला. जीपवाले सवयीनं अजून दोन जागा धरत, तर हा एकीवर बसून दुसरीवर कोणाला बसू देत नसे. दर्यापूरच्या एका म्हातारीला म्हणाला, "थ्या जागी नोका बसू माय, बसलेला हाये." ती म्हातारी पुढच्या थांब्यावर उतरून दुसऱ्या जीपनं गेली.

होळीच्या आठ दिवस आधी ताईंचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. म्हणाल्या, "हे हसत नाहीत जी. दुपारचं जेवण सोडलं. तुमी येऊन पाहा." मी गेलो. शिमग्याआधीच अकोल्यात ऊन असं लागलं होतं की एकच्या सुमारास गल्लीत कुत्रंही नव्हतं; सगळ्या दारांवर ओले पडदे, आणि सगळ्या घरांतून कूलरचा तो एकच घोर आवाज. मी पडदा सारून आत पाऊल टाकलं आणि थबकलो. समोर खिडकीपाशी पाठमोरा साडभाऊ उभा होता. जुना साडभाऊ. एकशे बेचाळीस किलोचा. ती रुंद पाठ, ते दोन्ही बाजूंनी उतू जाणारं पोट, आणि तो मान हलवत असल्यासारखा मंद डुलत होता. माझ्या तोंडून "साडभाऊ" निघालंसुद्धा. त्यावर "ओ" आली ती माझ्या मागून. तो दाराआडच्या खाटेवर अर्ध्या जागेत बसला होता, वाळलेला, मानेची कातडी लोंबलेली. समोर होता तो त्याचा जुना आकाशी शर्ट. कूलरच्या तोंडाशी दोरीवर टांगलेला, सगळी बटणं लावलेला, वाऱ्यानं तट्ट भरलेला. आणि त्या शर्टासमोर पाटावर एक ताट वाढलेलं होतं. भात, वरण, वांग्याची भाजी, पोळी, पाण्याचा तांब्या.

"त्याचं जेवण," साडभाऊ म्हणाला. "माह्यावालं म्या त्याले देल्लं. पोट भरलं तं जाईन."

"आणि तुम्ही?"

"आपुन ताटाकडं पाह्यलंच नाही."

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं, की हे थांबवायचं. आणि थांबवायचा जो उपाय मला सुचला, तो कोणा शहाण्या माणसाला सुचला नसता. पुढच्या रविवारी तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, म्हणाला, "बोला." काट्यावर अठ्ठ्याण्णव सहाशे होते. मी बोललो, "सत्त्याण्णव आठशे."

तो वळला. दिवाळीपासून मी त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. "हालला!" म्हणून ओरडला, आणि इतक्या मोठ्यानं हसला की मांजर उठली. बायकोनं स्वयंपाकघरातून धावत येऊन हात जोडले. मला वाटलं, आता मन मोकळं झालं, आता हा जेवेल. आकड्याचं काय, महिन्याभरात खरोखरच उतरेल, मग माझं खोटं त्याच्या खऱ्याला जाऊन मिळेल, कोणाला पत्ताही लागणार नाही. पण साडभाऊ काटेवाला होता. फरक पडला की तो कशानं पडला हे शोधणारा. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताट लागू पडलं, साडभाऊ. आता सोडत नाही." म्हणजे मी ज्या उपाशीपणातून त्याला काढायला खोटं बोललो, त्यालाच माझ्या तोंडानं शिक्का मारून दिला होता. तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हटलं, "बसा, चहा घ्या."

मग दर रविवारी सातशे-आठशे ग्रॅम. सत्त्याण्णव शंभर. शहाण्णव तीनशे. काटा आपल्या जागेवर, मी खाली खाली. माझा आवाज अगदी सरळ यायचा. तीस वर्षं कॉलेजात "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हटलेला आवाज. आणि आमच्या घरात एक वेगळंच सुरू झालं. थोरला जावई म्हणून बायको त्याला अजून पूर्वीसारखंच भरलं ताट वाढायची. तो तीन घास घ्यायचा आणि ताट माझ्याकडे सरकवायचा. पानात टाकायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. मी ते संपवायचो. अंगात अपराध असला की भूकही विचित्र लागते. मी सोमवारीही खायचो, मंगळवारीही, उभ्यानं, डब्यातून. तिसऱ्या रविवारी तो निघताना उंबऱ्यावर थांबला, मागं बैठकीत बघितलं आणि खुशीत म्हणाला, "मी येतो तवा दोघं येतो जी. जातो तवा एकलाच जातो. थो तुमच्या घरी उतरून राह्यला. सांभाळजा."

तो गेल्यावर दुपारी मी एकटाच बैठकीत पडलो होतो. त्याची खुर्ची करकरली. वेताची खुर्ची आहे, उन्हाळ्यात वेत वाळतो, करकरतो. मी स्वतःला तसंच सांगितलं. मग उठलो आणि सहज म्हणून काट्यावर चढलो. माझं वजन कित्येक वर्षं त्र्याहत्तर. काटा म्हणाला पंचाहत्तर तीनशे. दोन किलो तीनशे वर. मी त्या दिवसापर्यंत साडभाऊच्या वजनातून तोंडानं किती उतरवलं होतं ते मनात मोजलं, आणि हळूच पाय खाली घेतला. एका ताटानं आठवड्याला सातशे-आठशे ग्रॅम चढत नाही, हे मलाही कळतं. पण त्यानंतर मी त्या काट्यावर चढलो नाही, आणि त्या खुर्चीतही कोणाला बसू दिलं नाही. बायको म्हणाली, "काहून?" मी म्हटलं, "वेत तुटला आहे."

असे सात रविवार झाले. मी त्याला त्र्याण्णव दोनशेवर आणून ठेवला होता. आणि ताई फोनवर रडल्या. ह्यांचे केस मुठीनं गळतात, धर्मकाट्यावर दोनदा चक्कर आली, एकदा तर ट्रक मागं येत असताना. दुपारचं ताट शर्टासमोर, आणि आता संध्याकाळचंही. प्रथिनांची पावडर नाही, डॉक्टरच्या गोळ्या नाहीत. "पण तुमी म्हनता ना उतरून राह्यलं, तं मी काय बोलू?" ताई म्हणाल्या. तो ट्रक माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तेवढ्यात साडभाऊनं फोन घेतला. "आखाजीले या. काटा घेऊन या. बाबाची घागर भरतो, तशी त्याची बी भरतो, आन् मोकळा करतो त्याले. आखरीचं वजन तुमी सगळ्यांसमोर बोला."

आखाजीचं ऊन माहीत असलेल्यांना सांगायला नको. काचेचा काटा टॉवेलात गुंडाळून मी आणि बायको अकोल्याला उतरलो तेव्हा रस्ता पांढरा दिसत होता. घरात पुरणाचा वास. पाटावर दोन कोऱ्या घागरी, दोन्हींच्या तोंडावर आंबा ठेवलेला. एका घागरीमागे त्याच्या वडिलांचा फोटो, दुसरीमागे दोरीवर तो आकाशी शर्ट, कूलरच्या वाऱ्यानं भरलेला. बाजूला शेणीचे निखारे, पितरांना घास टाकायला. साडभाऊला मी धरून काट्यावर चढवलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तोल जाऊ नये म्हणून त्यानं नखं भिंतीत रुतवली होती. त्याच्या मानेमागून बघावं तर ती मान माझ्या ओळखीची नव्हती.

"बोला, साडभाऊ."

मी वाकलो. मनात ब्याण्णव पाचशे तयार होतं. आकडे दोनदा हलले आणि थांबले. अठ्ठ्याण्णव सहाशे.

तेवढ्यात वीज गेली. वऱ्हाडात उन्हाळ्याच्या दुपारी वीज जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. पण कूलर बंद पडतो तेव्हा इतकी शांतता होते की आपण बहिरे झालो असं वाटतं. त्या शांततेत शर्ट हळूहळू खाली बसला. आधी पोट गेलं, मग पाठ, मग खांदे. कोणी फार वेळ धरलेला श्वास सोडावा तसा. ताईंनी पदर तोंडाशी नेला. निखाऱ्यावरचा धूर सरळ उभा होता.

"बोला ना जी," भिंतीकडून आवाज आला.

मी म्हटलं, "अठ्ठ्याण्णव सहाशे."

ताईंनी पदर खाली केला. मी पुढं बोललो.

"आज नाही, साडभाऊ. दिवाळीपासून. एक ग्रॅम उतरलं नाही. सात हप्ते मी खोटं बोललो."

तो वळला नाही. एकेक पाय करून खाली आला, पाटावर बसला, पूर्ण पाटावर, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी चढा."

"मी?"

"चढा. तोंड भिंतीकडं."

मी चढलो. माझ्या नाकासमोर त्याच्या नखांच्या खुणा होत्या. मागं त्याच्या गुडघ्यांचा आवाज झाला. तो वाकला असणार. त्यानं मोठ्यानं वाचलं, "अठ्ठ्याहत्तर चारशे. आधी किती होते तुमी?"

"त्र्याहत्तर."

"मले कितीवर आनलं होतं?"

"त्र्याण्णव दोनशे."

तो मनातल्या मनात वजा करत होता; ओठ हलल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "पाच चारशे. तुमच्यात बी पाच चारशे." आणि मग, अगदी धर्मकाट्यावरच्या आवाजात, "मंग खोटं कुठी झालं? माल दुसऱ्या गाडीत गेला, एवढंच. खाली उतरा."

मी उतरलो. माझे डोळे भरले होते, आणि त्याला ते दिसू नयेत म्हणून मी काटा टॉवेलात गुंडाळू लागलो. "पन साडभाऊ," तो म्हणाला, "सांगून द्याचं होतं. म्या ट्रकखाली गेलो असतो तं तुमी कोणाले बोलले असते?"

मी टॉवेलाची गाठ सोडून पुन्हा मारली.

ताईंनी न विचारता शर्टासमोरचं ताट उचललं आणि त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं निखाऱ्यावर दोन घास टाकले, एक बापासाठी, एक दुसऱ्यासाठी, आणि मग स्वतः जेवला. वाटीभर वरण, अर्धी पोळी, चमचाभर रस. जेवताना म्हणाला, "खारट झालं वरन." ताई रडता रडता हसल्या, "तुमाले काय समजते जी, सात हप्त्यात पयल्यांदा जेवता!"

पुढचं फार नाही. नागपूरचे डॉक्टर रागावले. म्हणाले, उपाशी ठेवलं की शरीर घाबरतं आणि आहे ते घट्ट धरून बसतं. साडभाऊ पावडर घेऊ लागला, गोळ्या घेऊ लागला, पहाटे मोर्णा नदीच्या कडेनं चालू लागला, आणि ओझं म्हणून सरकीचं अर्धं पोतं उचलू लागला. पोळ्याच्या सुमारास एका रविवारी काट्यानं अठ्ठ्याण्णव दोनशे म्हटलं. मी पुन्हा वाचलं, मग बायकोला बोलावून तिच्याकडून वाचून घेतलं, आणि मगच बोललो. आता तो ब्याण्णवच्या आसपास असतो. कधी दोन-दोन महिने थांबतो, म्हणतो, "थांबू द्या, जाईन." माझं मात्र अठ्ठ्याहत्तर चारशेच आहे. चालून पाहिलं, गोड सोडून पाहिलं. हलत नाही.

एक गोष्ट राहिली, ती सांगितली म्हणजे मोकळा होतो. माझ्या मुलीच्या लग्नात खुर्ची मोडली तेव्हा मांडव हसला असं मी वर लिहिलं आहे. मांडव नंतर हसला. पहिल्यांदा हसलो तो मी. व्याह्यांच्या बाजूला उभा होतो, त्यांच्यापुढं मला त्याची लाज वाटली, आणि लाज झाकायला मी हसलो. जन्मात चारचौघांत न हसलेला माणूस मी. तो आवाज त्यानं ओळखला असणार. जमिनीवरून त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग ती पावतीची गंमत केली, मला सांभाळून घ्यायला. पंधरा दिवसांनी फोन. त्यानं हे कधी काढलं नाही, मीही नाही. तो शर्टातला, वाट्या वाजवत हसणारा, दोन जागांवर बसणारा साडभाऊ मीच मांडवातून उठवून लावला. आता जो येतो तोही हसतो, पण मांजर जागची हलत नाही.

यंदाच्या आखाजीला मी आमच्या घरी एक घागर जास्त भरली. बायको म्हणाली, "ही कोणाची?" मी म्हटलं, "साडभाऊची." ती म्हणाली, "अजी, काहीही काय! भाऊजी जिते हायेत, आताच फोन येऊन गेला." मी म्हटलं, "त्याची नाही." तिनं आतून एक आंबा आणून घागरीवर ठेवला. मी ती वेताच्या खुर्चीपाशी नेऊन ठेवली. दुपारभर पडदे ओढलेले होते, कूलर चालू होता, खुर्ची दोनदा करकरली. दिवेलागणीला घागर उचलली तर हलकी लागली. वैशाखातलं ऊन आहे, कोऱ्या घागरीतलं पाणी पाझरतंच. काटा तिथंच भिंतीशी होता. मी काही ती त्याच्यावर ठेवून पाहिली नाही.